न उघडणारा बायोडाटा

रविवारी प्रणालीचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता, आणि गुरुवारी दुपारी तिच्या बाबांकडे कोणाचा तरी बायोडाटा उघडत नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असायचं काही कारण नव्हतं. पण महादेवरावांच्या घरात कारण नसलं की संबंध हमखास निघायचा.

प्रणाली तेव्हा नागपूरजवळच्या वाडीला, ती जिथली मालाची ने-आण बघायची त्या गोदामाच्या फाटकात उभी होती. दोन ट्रक एकाच वेळी आत घुसायला बघत होते, दोघेही ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांच्या खानदानाची चौकशी करत होते, आणि फोन वाजला.

"पोरी, एक बायोडाटा आला मेलवर. उघडूनच नाही राह्यला."

"बाबा, मी कामात आहो."

"मीबी कामातच आहो. तू सांग कोणतं बटण दाबू."

महादेवराव आधी मौद्याला एका ठेकेदाराच्या ऑफिसात कारकून होते. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी बागेत फिरायला जातात, हे मात्र समाजाची स्थळं जुळवायला लागले. फुकट. गोळीबार चौकाजवळच्या घरात, पुढच्या खोलीत, जिथं त्यांच्या वडिलांचा हातमाग होता तिथं आता कंप्युटर होता, आणि त्यांचा समज असा की धंदा तोच आहे, फक्त सूत बदललं. व्हॉट्सॲप त्यांना चालत नसे. "व्हॉट्सॲप म्हणजे गप्पा. मेल म्हणजे लिखापढी," असं ते सांगत. म्हणून नागपूर, उमरेड, काटोल, जिथं जिथं समाजाचं पोरगं किंवा पोरगी लग्नाची होती, तिथून महादेवरावांना मेल यायचा आणि ते प्रत्येकाला उत्तर लिहायचे, सुरुवातीला "सप्रेम नमस्कार" घालून.

त्यातला एकही मेल त्यांनी कधी पुसला नव्हता. विणकराच्या घरात सूत तोडत नाहीत. कितीही गुंता होऊ द्या, बसायचं, नखानं एक एक धागा सोडवायचा. महादेवरावांचा हात तसाच वळलेला. स्थळ मोडलं तरी बायोडाटा फेकायचा नाही, कोणाचं तरी लेकरू आहे. त्यामुळे प्रणालीला ज्यांनी नाकारलं आणि प्रणालीनं ज्यांना नाकारलं, ते सगळेजण त्या कंप्युटरात अजून गुण्यागोविंदानं नांदत होते.

"कोणाचा बायोडाटा आहे?" प्रणालीनं विचारलं.

"तेच तर समजून नाही राह्यलं. नाव नाही, गाव नाही. 'बायोडाटा, कृपया लवकर पाहावा' एवढंच. आन् हा कंप्युटर लाल डबा दाखवते. म्हणते धोका आहे. आता सांग, पोरीचं तोंड नाही पाह्यलं, पत्रिका नाही पाह्यली, आन् पहिलेच म्हणते धोका आहे!"

"बाबा, ते उघडू नका. पुसून टाका."

फोनवर खुर्ची करकरली.

"पुसून?"

"हो, पुसून."

"कोणाची तरी लेक असंल वं," महादेवराव म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

प्रणालीला तिथंच कळायला हवं होतं. पण मागं एका ड्रायव्हरनं दुसऱ्याच्या आरशाला हात लावला होता.

महादेवरावांनी त्यानंतर काय केलं ते पुढं सगळ्या नागपूरला कळलं. पहिलं म्हणजे त्यांनी तो लाल डबा दाखवणारा अँटिव्हायरस बंद केला. दारात पाहुणा उभा असताना कुत्रा भुंकत असला की आपण कुत्र्याला मागं बांधतो, पाहुण्याला नाही. दुसरं म्हणजे फाइलमध्ये लिहिलं होतं, मजकूर दिसत नसल्यास वरचं पिवळं बटण दाबावं. ते त्यांनी दाबलं. मजकूर दिसला नाही. पुन्हा दाबलं. लिफ्टचं बटण दाबावं तसं दाबत राहिले. पोरगी काही दिसेना.

मग त्यांनी तिसरी गोष्ट केली, जी त्यांच्यासारखा भला माणूसच करू जाणे. त्यांना वाटलं, आपला कंप्युटर जुना, चांगल्या घरी नक्की उघडेल. म्हणून त्यांनी ती फाइल पुढं पाठवली. एक होणारे व्याही मार्तंडरावांना, त्यांच्याकडे धरमपेठेत नवाकोरा लॅपटॉप होता. एक महिला मंडळाच्या यमुताईंना. आणि एक प्रणालीच्या ऑफिसात. सोबत लिहिलं, "सप्रेम नमस्कार. माझ्याकडे हे उघडत नाही. आपल्याकडे उघडते का पाहावे. कोणाच्या तरी आयुष्याचा प्रश्न आहे."

चोराला आत शिरायला खिडकी शोधावी लागते. याला तर घरमालकानं शिफारसपत्र लिहून दिलं होतं.

यमुताईंकडेही उघडलं नाही. त्यांनी लगेच अख्ख्या मंडळाला पाठवलं, कोणाकडे तरी उघडेल म्हणून. आणि मार्तंडराव? गोळीबार चौकात जे उघडत नाही ते धरमपेठेतही उघडत नाही, असं म्हणायची त्यांची तयारी नव्हती. ते पिवळं बटण दाबत बसले.

प्रणालीच्या ऑफिसात तो मेल आला तेव्हा तिनं मात्र हात लावला नाही. तिनं प्रज्वलला बोलावलं. प्रज्वल गोदामाचे सगळे कंप्युटर सांभाळायचा आणि तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा असल्यामुळे वर बघून बोलायचा. त्यानं मेल पाहिला, मान वर केली आणि म्हणाला, "त्रोजन."

"काय?"

त्यानं बाहेर जाऊन थुंकून येऊन सांगितलं. "ट्रोजन आहे मॅडम. बायोडाटा-फियोडाटा काही नाही. वरून फाइल, अंदर चोर. लग्नात एखादा फुकट्या असते ना, पोरीकडच्यायले सांगते मी पोराकडचा, पोराकडच्यायले सांगते मी पोरीकडचा, आन् मस्त जेवून जाते. तसा हा. एकदा पिवळं बटण दाबलं का आत घुसला. मंग तो तुमचे जुने मेल वाचते."

"वाचून काय करते?"

"जवाब देते." प्रज्वलला हे सांगताना जरा कौतुकच वाटत होतं. "तुमच्या नावानं. जुन्याच मेलच्या वर एक लाइन लिहिते, नावही बरोब्बर टाकते, आन् खाली स्वतःले चिटकवते. समोरच्याले वाटते, अरे, ओळखीचा माणूस, आपल्याच गोष्टीवर बोलून राह्यला. तो उघडते. खल्लास."

प्रणालीच्या डोळ्यांसमोर बाबांचा कंप्युटर आला. न पुसलेला. तिनं तिथूनच फोन केला.

"बाबा, कंप्युटरची वायर काढा. आत्ता."

"काहून? आता तर तो मस्त चालून राह्यला. आपोआप मेल पाठवून राह्यला बाप्पा. मी चहा प्यालो तोवर किती पाठवले."

पहिला फोन शुक्रवारी सकाळी आला, काटोलहून, प्रयागबाईंचा. त्यांचा मुलगा पंकज. पंकजचा कोंबड्यांचा मोठा कारखाना होता. तो प्रणालीला बघायला आला होता तेव्हा पोहे संपेपर्यंत कोंबड्यांवर बोलला आणि चहा आल्यावर अंड्यांवर. प्रणालीनं नको म्हटलं होतं.

"तुमचा मेल भेटला जी," प्रयागबाई म्हणाल्या. "मी तवाच म्हटलं होतं पंकजले, पोरगी हुशार आहे, आज ना उद्या येईल ठिकाणावर."

"मावशी, तो मेल आम्ही नाही पाठवला."

"लाजू नको वं. आमी काही मनात धरून नाही ठेवलं. ती फाइल तेवढी उघडत नाही. पत्रिका आहे का तिच्यात?"

दुसरा फोन एका काकांचा. त्यांनीच मागं प्रणाली उंच आहे म्हणून नकार दिला होता. ते आता मोठ्या मनानं म्हणाले, उंचीचा आमचा काही तेवढा आग्रह राहिला नाही, मुलगाही आता जाड तळव्याचे बूट घालतो. तिसऱ्या फोनवर एक बाई होती. तिच्या नवऱ्याला मेल आला होता. "माझ्या नवऱ्याले स्थळ म्हणून मेल पाठवते? दोन लेकरं आहेत त्याले! लाज नाही वाटत?" प्रणाली म्हणाली, "ताई, तो व्हायरस आहे." बाई म्हणाली, "व्हायरस तू, व्हायरस तुझा बाप!" यातलं दुसरं अर्धं प्रणालीला त्या वेळी अगदीच चुकीचं वाटलं नाही.

गोदामात बातमी पोचली होती. हमाल तिच्याकडे बघून उगाच गालात हसत होते. प्रज्वल येता-जाता विचारत होता, "मॅडम, आज किती आले?"

तिला या सगळ्यांची पर्वा नव्हती. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. रविवारची. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत तिनं इतक्या वेळा पोह्यांचा ट्रे धरला होता की तिला आता ट्रे बघूनच राग यायचा. आणि मग अनिश आला होता. बाकीच्यांनी स्वयंपाक येतो का, नोकरी सोडणार का, असं विचारलं. अनिशनं विचारलं, "तुमच्या कामात सगळ्यात डोकं फिरवणारी गोष्ट कोणती?" प्रणालीनं ट्रक ड्रायव्हरांबद्दल सांगायला घेतलं तर तो इतका हसला की पोहे त्याच्या नाकात गेले. ठसका, पाणी, पाठीवर थापा. तिला तो तिथंच आवडला. त्याच्यात एकच खोट होती. काहीही अडलं की तो म्हणायचा, "मी पप्पांशी बोलतो." पण ही काही खोट आहे का? माणूस पप्पांशी बोलणारच.

शुक्रवारी संध्याकाळी पप्पाच बोलले.

मार्तंडराव मूळचे गोळीबार चौकातलेच. पण धरमपेठेत गेल्यापासून ते 'मला-तुला' करत. फक्त राग आला की 'मले-तुले' वर येई, भिंतीला रंग दिला तरी ओल वर यावी तशी.

"महादेवराव, यमुताईंकडून कळलं. मुलीचं साक्षगंध परवावर आलंय आणि तुम्ही गावभर स्थळं पाठवताय? म्हणजे आम्ही काय समजावं?"

"अहो, तो कंप्युटरच पाठवून राह्यला जी. मी नाही."

"कंप्युटरला मुलगी आहे का? आमचा लॅपटॉप नाही कोणाला स्थळं पाठवत! मले येडा समजू नका! रविवारचं थांबवा. मी विचार करून सांगतो."

महादेवराव फोन धरून तसेच बसले. प्रणालीनं अनिशला फोन लावला. अनिश म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मी पप्पांशी बोलतो."

रात्रभरात तो काही बोलला असेल तर पप्पांना ऐकू आलं नसावं. शनिवारी सकाळी महादेवराव अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले.

"चाल. धरमपेठेत जाऊ. समोरासमोर सांगू. आन् पुरावा घेऊन जाऊ."

"कसला पुरावा?"

महादेवरावांनी कंप्युटरचा डबा चादरीत गुंडाळून ठेवलाच होता.

"बाबा, डबा नेऊन काय होणार आहे? त्याच्यात वाकून दिसते का व्हायरस?"

"चोराले सोबत नेलेलं बरं असते. मागून कोणी म्हणायला नको का चोर नव्हताच."

अशा रीतीनं शनिवारी भर गर्दीत प्रणाली स्कूटर चालवत होती आणि मागं बाबा, मांडीवर चादरीत गुंडाळलेला कंप्युटर, एखादं आजारी बाळ दवाखान्यात न्यावं तसा. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई चादरीकडे बघून कळवळली, "काय झालं जी?" महादेवराव म्हणाले, "इन्फेक्शन." प्रणालीनं सिग्नल सुटायची वाट पाहिली नाही.

धरमपेठेत दार अनिशच्या आईनं, इंदूबाईंनी उघडलं. त्यांनी चादरीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पायपुसण्यावर ठेवा. फरशी नवीन आहे."

मार्तंडराव सोफ्यावर बसले होते. समोर टीपॉयवर लॅपटॉप उघडा, एखादा सद्गुणी मुलगा पाहुण्यांसमोर बसवावा तसा. अनिश एका कडेच्या खुर्चीत. त्यानं प्रणालीकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे बोलतो म्हणून.

प्रणालीनं सगळं सांगितलं. फाइल, पिवळं बटण, जुने मेल, नावानं उत्तरं. मार्तंडराव ऐकत होते आणि मान हलवत होते, पण उभी नाही, आडवी.

"हे सगळं ठीक आहे. पण एक सांगा. फाइल मलाही आली. मीही बटण दाबलं. आमच्याकडे काही झालं का? नाही झालं. कारण घराघरात फरक असतो."

"काका, तुम्हीही दाबलं ना? मग तुमचा लॅपटॉपही पाठवत असेल. फक्त तुम्हाला कळलं नसेल."

"शक्यच नाही. याचा अँटिव्हायरस भारीतला आहे."

"चालू होता?"

मार्तंडरावांनी लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला. "फाइल उघडेपर्यंत बंद केला होता. सतत टोकत होता."

इंदूबाई चहा ठेवत म्हणाल्या, "आमच्यात असली गावभर चिठ्ठ्या पाठवायची पद्धत नाही, एवढंच."

आणि बेल वाजली.

दारात एक ठेंगणे, घामाघूम गृहस्थ, हातात मिठाईचा मोठा डबा, मागं त्यांची बायको. रस्त्यावर धुळीनं माखलेली जीप. "मी ताराचंद, उमरेडचा. वंदनाचा बाप," ते हात जोडून म्हणाले. "मार्तंडराव, तुमचा मेल आला ना जी काल. 'सोबतची फाइल पाहावी.' फाइल तर काही उघडली नाही. बायको म्हणे, फाइल पाहण्यापरीस माणसं पाहून येऊ."

मार्तंडराव उठले. बसले. पुन्हा उठले.

"अहो ताराचंदजी... तो मेल... तो व्हायरस आहे!"

महादेवरावांचा चेहरा एकदम उजळला. तीन दिवसांत पहिल्यांदा दुसरं कोणीतरी हे वाक्य म्हणत होतं.

"व्हायरस?" ताराचंद म्हणाले.

"हो, हो. हे काय, हे महादेवराव, यांनाच विचारा. तो आपल्या नावानं काहीही लिहून पाठवतो. ते खरं नसतं. त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो!"

"बराबर आहे जी," महादेवराव आनंदानं म्हणाले. "मी कालपासून तेच सांगून राह्यलो."

ताराचंदांनी मिठाईचा डबा टीपॉयवर ठेवला, लॅपटॉपशेजारी. खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मोबाइल लांब धरला. "म्हणजे ही वरची ओळ व्हायरसची. मान्य. पण हे खाली जे आहे, मंगळवारचं, ते कोणाचं?"

 ताराचंद वाचायला लागले, शाळेतल्या पोरासारखं, शब्दाशब्दावर थांबत. "'आमच्या मुलाचे एके ठिकाणी साक्षगंध ठरत आहे, परंतु अद्याप शेवटचे झालेले नाही. मुलगी वयाने थोडी जास्त आहे. तरी आपण तूर्त वंदनाचे कोठे ठरवू नये. रविवारनंतर कळवतो. आपला, मार्तंड.'"

 इंदूबाईंनी उगाच एक कप उचलून दुसऱ्या जागी ठेवला.

प्रणालीला पहिल्यांदा काय आलं असेल तर हसू. या दोन दिवसांत त्या ट्रोजननं शेकड्यानं मेल पाठवले, आणि त्यातली खोटी ओळ प्रत्येकात एकच होती. खाली जे होतं ते लोकांनी आपापल्या हातानं लिहिलेलं. मग ते हसू कुठंतरी गेलं. तिनं अनिशकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

अनिश खुर्चीचा हात नखानं कुरतडत होता. "पप्पा म्हणाले होते... साक्षगंध होईपर्यंत एक स्थळ हाताशी असू द्यावं. तसं काही नव्हतं त्यात. मी बोलणारच होतो पप्पांशी."

"कधी?"

अनिशनं पप्पांकडे पाहिलं.

"हे पाहा," मार्तंडराव सावरून म्हणाले, "व्यवहारात असं करावंच लागतं. महादेवराव, तुम्ही तर रोज हेच काम करता. तुम्हाला सांगायला नको. जाऊ द्या, झालं गेलं. तुमच्याकडून मेल गेले, आमच्याकडून गेला. फिट्टमफाट. रविवारी येतो आम्ही."

प्रणालीनं बाबांकडे बघितलंच नाही. तिला माहीत होतं ते काय म्हणणार. जो माणूस परक्या पोरीचा न दिसलेला बायोडाटा पुसू शकत नाही, तो ठरलेलं साक्षगंध थोडंच मोडणार? आता ते बसतील, नखानं गुंता सोडवतील, दोन्हीकडच्यांना समजावतील, "सप्रेम नमस्कार" घालतील. या विचारानंच तिचं डोकं तडकलं.

महादेवराव चहाचा कप खाली ठेवून उभे राहिले.

"मार्तंडराव, आमचे बाबा कधी सूत तोडत नव्हते, हे तुमालेबी माहीत आहे. तुमचेही बाबा शेजारच्याच मागावर बसत. पण सूत कुजलेलं निघालं, तर ते काय करत?"

मार्तंडरावांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"विसरले का? धरमपेठेत येऊन? कुजलेल्या सुताले गाठ नाई मारत जी. मारली तरी पहिल्या ठोक्याले तुटते, आन् संग अख्खं लुगडं खराब करते. ते कापा लागते." त्यांनी वाकून पायपुसण्यावरचा कंप्युटर उचलला. "रविवारी येऊ नका. चाल वं प्रणाली."

मार्तंडराव भडकले. "असे कसे नाही म्हणता? आम्ही पोराकडचे आहो! मले नाही म्हणून राह्यले? मले?"

"हाव. तुमालेच."

ताराचंदांनी दोघांकडे पाहिलं, मग टीपॉयवरचा मिठाईचा डबा हळूच परत उचलून काखेत घातला. "थांबा जी," ते जिन्यात प्रणालीच्या हातातलं हेल्मेट बघून म्हणाले, "हा व्हायरस घेऊन स्कूटरवर नका बसू. जीप आहे."

ताराचंदांच्या जीपमध्ये त्यांची बायको मागं आणि बाबा पुढं बसले, मांडीवर कंप्युटरचा डबा, त्याच्यावर मिठाईचा डबा. जीपमागं प्रणाली एकटी स्कूटरवर. सिग्नलला तिनं हेल्मेटची काच खाली ओढली आणि आत काय करायचं ते करून घेतलं. गोळीबार चौक येईपर्यंत डोळे कोरडे होते.

दुपारी प्रज्वल घरी आला. डबा उघडून, सगळं तपासून त्यानं मान वर केली. "पूर्ण पुसा लागते. काहीच नाही राहणार. चालंल?"

प्रणालीनं बाबांकडे पाहिलं. एवढ्या वर्षांचे बायोडाटे होते त्यात. मोडलेली, जुळलेली, अर्धवट राहिलेली सगळी स्थळं.

"पुस," महादेवराव म्हणाले. आणि प्रज्वलचं काम होईपर्यंत ते अंगणात जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

रविवार उजाडला. आचाऱ्याला नाही म्हणायचं कोणाच्याच लक्षात राहिलं नाही. तो सकाळीच आला आणि मागच्या अंगणात पाटवड्यांचा रस्सा ढवळायला लागला. "पाहुणे कवा येतील?" त्यानं विचारलं. "पाहू," महादेवराव म्हणाले.

प्रणालीनं कालपासून अनिशचे फोन उचलले नव्हते. दुपारी मोबाइलवर मेल आला. अनिशच्या नावानं.

"प्रणाली, कृपया सोबतची फाइल पाहावी. अनिश."

एवढंच. खाली एक फाइल, आणि तिच्याखाली दोघांचाच एक जुना मेल.

ती कितीतरी वेळ त्याकडे बघत राहिली. कदाचित त्यानं खरंच लिहिलं असेल. पानभर माफी मागितली असेल. पप्पांशी एकदाचा बोलला असेल. किंवा धरमपेठेतला तो सद्गुणी लॅपटॉप, ज्यावर अनिशही आपले मेल बघायचा, सकाळपासून कामाला लागला असेल. नाव तर तोही बरोब्बर टाकायचा. ही माणसाची ओळ की ट्रोजनची, हे कळायला काही मार्गच नव्हता, आणि या गोष्टीनं तिला कालच्या सगळ्या प्रकाराहून जास्त चीड आली. बाई गं, एवढ्या दिवसांत या माणसानं ओळखू येईल असं दुसरं एखादं वाक्य तरी वापरायचं होतं!

बाबा मागून येऊन डोकावले. चष्मा लावून त्यांनी वाचलं.

"उघडू नको," ते म्हणाले.

प्रणालीनं वळून पाहिलं. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालंय यावर तिचा विश्वास बसेना.

"काहून पाहून राह्यली अशी? धरमपेठ काही लंकेत नाही. बोलायचं असंल तर येईल. पाय आहेत त्याले."

तेवढ्यात फाटक वाजलं.

प्रणाली उठली. तिला स्वतःचाच राग आला, किती पटकन उठली म्हणून. दार उघडलं.

प्रयागबाई होत्या. काटोलहून एसटीनं आलेल्या. मागं पंकज, दोन्ही हातांत अंड्यांचे ट्रे, बसच्या गर्दीत एकही न फुटू दिलेले.

"मावशी, मी सांगतलं होतं ना फोनवर, तो मेल..."

"हाव, समजलं ते व्हायरसचं," प्रयागबाई चपला काढत म्हणाल्या. "पण आता निघालोच होतो. आन् फाइल काही उघडत नव्हती, म्हटलं जाऊनच पाहू. कायचा वास सुटला वं? पाटवड्या?"

"या, या, बसा जी," महादेवराव घाईनं म्हणाले. मोठ्या हौसेनं सांगितलेल्या स्वयंपाकाला शेवटी पाहुणे मिळाले होते. "प्रणाली, चहा ठेव."

प्रणालीनं मोबाइल फळीवर पालथा ठेवला. चहा टाकला. ट्रे न घेता नुसते कप हातात धरून बाहेर आली. पंकज खुर्चीच्या टोकावर बसला होता, गप्प. मागच्या वेळी काय चुकलं ते त्याला बहुतेक कोणीतरी सांगितलं असावं. तो तोंड अगदी आवळून बसला होता. बघवत नव्हतं.

"सांगा," प्रणाली समोर बसत म्हणाली. "कोंबड्या कशा आहेत?"

पंकजनं आईकडे पाहिलं. आईनं डोळ्यांनी नको म्हटलं. पण तो विरघळलाच.

"काय सांगू जी, मोठा लफडा झाला. एक कोंबडी आणली बाहेरून. दिसायले एकदम मस्त. तुरा लाल, पिसं चमकून राह्यलेले. आणणाऱ्यानं सांगितलं, जातिवंत आहे. म्हटलं, घ्या आत. आतून रोगी निघाली. तिनं शेजारचीले दिला, शेजारचीनं पुढचीले. अख्खी शेड बसली."

महादेवराव कप हातात तसाच धरून पुढं सरकले. "मंग? तुमी काय केलं?"

"पहिले काय, शेडचं दार बंद केलं."

"आन् भुंकलं होतं का कोणी? म्हणजे, सांगितलं होतं का पहिले, का घेऊ नका म्हणून?"

"हाव ना. कामावरच्या बाईनं सांगितलं होतं, डोळे पाहा हिचे, हे घेऊ नका. आमीच नाही ऐकलं."

महादेवरावांनी हळूच मान वळवून प्रणालीकडे पाहिलं. प्रणाली मुद्दाम भिंतीकडे बघत होती. तिचे खांदे मात्र हलत होते, आणि ती रडत नव्हती.

मागून आचाऱ्यानं हाक दिली, "पाहुणे आले काय जी? पानं घेऊ?"

"घे," महादेवराव म्हणाले. "आन् फाटक लोटून घे बाप्पा. कडी लाव."